रिकामा ताबा

"लोकांच्या भिंतीवर लिहायचं नसतं, उन्नती," वैशाली म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर मग तिला ते ऐकू आलं. ओला फडका हातातच राहिला. पोरीनं बाहेरच्या दारापासून सुरुवात करून थेट स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत हिरव्या खडूची एक रेघ ओढली होती. बसून, मन लावून काढलेलं असं त्यात काही नव्हतं. चालता चालता हात भिंतीला टेकवून ठेवला की जशी होते तशी ती रेघ, पोरीच्या खांद्याच्या उंचीची, मध्येच चढलेली, मध्येच घसरलेली. उन्नतीनं आधी खडूकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग आईकडे. "कुठल्या लोकांच्या?" तिनं विचारलं, मांजर कुठं गेलं विचारावं इतक्या सहज. वैशालीनं फडक्यानं रेघ पुसायला घेतली तर हिरवं पसरलं आणि नव्या रंगावर शेवाळासारखा पट्टा उमटला. तेव्हा पुसणंही सोडून ती तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसली. गेले कित्येक दिवस या घरात 'द्यायचं', 'सोडायचं' असे शब्द येत-जात होते. तिचा नवरा मितेश तर मराठी शब्दही तोंडात आणत नसे, 'सरेंडर' म्हणायचा, इंग्रजीतून कमी लागतं म्हणून असेल. ते सगळं ती ऐकत होती, हो म्हणत होती, भांडी पोत्यात भरत होती. पण आत कुठं ते शिरलंच नव्हतं. आणि आज तिच्या आधी तिची जीभ तयार होऊन बसली होती. अजून कंपनीचा साहेब यायचा होता, मितेश यायचा होता, दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि इकडे जिभेनं घर देऊनसुद्धा टाकलं होतं.

रंग मितेशनंच दिला होता, आपल्या हातानं, दोन रविवार घालवून. ज्या कंपनीनं घरासाठी कर्ज दिलं तिच्या ऑफिसात तो स्वतः जाऊन सांगून आला होता की आता झेपत नाही, घर परत घ्या. आणि तिथून येताना रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला होता. ती बघतच राहिली होती. "अहो, रंग बघून ते काय हप्ते सोडणार आहेत?" "सोडायला कशाला पाहिजेत? देताना नीट द्यावं. उद्या कोणी म्हणायला नको, राहिले आणि नासवून गेले." एवढं बोलून तो स्टुलावर चढला होता. तिला हसू आलं होतं, कारण ही त्याची जुनीच खोड. नारपोलीच्या कापडाच्या कारखान्यात तो लूमवर होता तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ झाली की बाकीचे लोक आधीच चपला शोधायला लागत. हा मात्र तुटलेला धागा जोडून, खालचा कापूस झाडून, लूम चालती ठेवून मगच पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा. बंद पडलेली लूम दुसऱ्याला देणं त्याला उष्टं ताट पुढं केल्यासारखं वाटायचं. पुढं शेठनं त्या लुमा भंगारात घातल्या. टेम्पोत चढवताना, मितेश सांगायचा, एकीवर अर्धवट विणलेलं कापड तसंच होतं. मग कशेळीच्या गोदामात खोकी चढवायचं-उतरवायचं काम आलं. पगार उतरला, हप्ता काही उतरला नाही. वैशाली पॅकिंगला जात होती तोवर ओढाताण करून भागलं. उन्नतीच्या वेळी ते सुटलं, आणि त्यानंतर घर इतकं सावकाश हातातून गेलं की नेमकं कधी गेलं ते तिला सांगता आलं नसतं. ओंजळीतलं पाणी कधी संपतं? बोटं ओली असतात तोवर माणसाला वाटतं, आहे अजून.

"पोरीला कशाला वरडतंस?" स्वयंपाकघरातून गुणाबाईचा आवाज आला. मितेशची आई कालच गणेशपुरीकडच्या गावावरून एसटीनं आली होती, सामान आवरू लागायला म्हणून. पण सामान ती यायच्या आधीच टेम्पोनं नारपोलीच्या भाड्याच्या खोलीवर गेलं होतं. मागं राहिलं होतं ते एक प्लास्टिकची खुर्ची, एक चटई, पाण्याची कळशी आणि पेले. म्हातारी ओट्याला टेकून, बोचकं मांडीवर घेऊन, स्टँडवर बसावं तशी बसली होती. "ओरडत नाही आई, भिंत खराब झाली." "भिंत पुसता येल. पोरीचा त्वांड बघ कसा झालाय." उन्नतीचं तोंड काही झालं नव्हतं, ती खडू नाकाशी धरून त्याचा वास घेत होती. पण वैशाली उठली आणि तिनं पोरीला जवळ घेतलं. वास्तूच्या दिवशी याच भिंतीला गुणाबाईनं हात लावून पाहिला होता, ते तिला आठवलं. शेगडीवर दूध उतू जात होतं, बायका हसत होत्या, आणि म्हातारी एका बाजूला जाऊन भिंतीवर पालथा तळवा ठेवून उभी होती, नवीन आणलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, ती बिचकते का बघायला. "थंड हाय," एवढंच म्हणाली होती. गावाकडची तिची भिंत कुडाची, शेणानं सारवलेली, हात लावला की ऊब लागायची. वैशालीला तेव्हा राग आला होता. एवढं घर घेतलं, आणि हिला थंड आहे एवढंच दिसलं.

दार उघडंच होतं. शेजारची रुचिका उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, हातात लसूण, सोलता सोलता बोलायची तिची सवय. "गेलं का गं सगळं सामान? बाई, कसं भकास वाटतंय. मग आता भाडेकरू ठेवणार की तसंच कुलूप? माझ्या मावसभावाला हवंय बघ, नवीनच लग्न झालंय त्याचं." सगळ्या मजल्याला त्यांनी सांगितलं होतं की सासूबाईंना बरं नसतं, गावी कोणी नाही, म्हणून काही दिवस तिकडं राहणार. "अजून ठरलं नाही, ताई. हे आले की विचारते." रुचिकानं मान वाकडी करून आत पाहिलं. "अय्या, आई तर आल्यात! आणि चांगल्या ठणठणीत दिसतात की." यातलं गुणाबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती घटकाभर सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग एकदम, छाती फुटेल अशी, खोकली. पदर तोंडाला लावून पुन्हा खोकली. "कवा बरा, कवा न्हाय," कण्हत म्हणाली. "म्हातारपन हाय बाय." रुचिका हळहळली, काढ्यात काय काय घालावं ते सांगून गेली. दार लोटल्यावर वैशालीला सासूकडे बघवेना. "सांगायचा तरी," गुणाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काल रात्रपास्नं खोकले असते." दोघी हसल्या. रिकाम्या घरात हसणं फार मोठं झालं, वर जाऊन छताला लागलं आणि परत आलं.

सामान गेल्यापासून हे असंच होत होतं. पेला ठेवला तरी घर उत्तर द्यायचं. आणि वैशालीला आठवत होतं की पहिल्या रात्री तिला या घराची शांतताच सोसली नव्हती. नारपोलीला ते ज्या खोलीत राहात तिची मागची भिंत कारखान्याची होती. पलीकडे लुमा, रात्रंदिवस खटाखट खटाखट. कळशीतल्या पाण्यावर सारखी बारीक थरथर असायची, भांड्यांची फळी अंगात आल्यासारखी हलायची, आणि मितेश ड्युटीवर असला की तिला वाटायचं, त्या हजार खटक्यांत एक खटका त्याचा आहे. त्या आवाजात झोपायची सवय झालेली ती इथं आली आणि पहाटेपर्यंत टक्क जागी राहिली. नुसता पंख्याचा आवाज. मध्येच नळानं दिलेली उचकी. "झोप ना," मितेश म्हणाला होता. "झोप येत नाही. कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय." मग हळूहळू या घराचेही आवाज कळले. गॅलरीच्या तोंडाशी एक लादी पोकळ वाजते. रांगणारी उन्नती तिथं आली की थांबून तळहातानं ती वाजवायची. दुपारी कधीतरी समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन उडी मारून येतं आणि देव्हाऱ्याच्या जागी घटकाभर बसून जातं. हे कोणत्याच कागदावर नाही. जो कोणी येईल त्याला ही लादी एक दिवस आपोआप सापडेल, त्याला वाटेल आपल्यालाच सापडली, या विचारानं तिला मघापासून एक विचित्र असूया वाटत होती. कोणाच्या दागिन्यांबद्दलही तिला कधी वाटली नसेल अशी. आता परत नारपोलीला. तीच गल्ली, दुसरी खोली. तिला सवय होती. उन्नती त्या आवाजात झोपेल का?

कंपनीचा माणूस आला तो इतका कोवळा निघाला की वैशालीनं मनात तयार ठेवलेलं सगळं बोलणं फुकट गेलं. दाढी नीट कोरलेली, गळ्यात ओळखपत्र, काखेत हेल्मेट, हातात फायली. चपला बाहेर काढून, दबकत आत आला. "नमस्कार मॅडम. मी विपुल. फोनवर सरांशी बोलणं झालंय. सर आहेत ना?" "येतीलच. रात्रपाळी होती. सुटले की थेट येतो म्हणाले." "कशेळीचा ट्रॅफिक म्हणजे काय, बोलायलाच नको," तो म्हणाला, जसं काही मितेशची बाजू त्यालाच सांभाळायची होती. वैशालीनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. या माणसावर राग कसा धरावा? हप्ते थकल्यावर फोनवर बोलायचे ते वेगळे होते. तो फोन वाजायला लागला की ती मोबाईल उचलून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. तांदळातून तो घुमायचा, पोटात दुखणाऱ्या जनावरासारखा, आणि उन्नती डब्याला कान लावून हसायची. तो आवाज आणि हा मुलगा एकाच ठिकाणचे, हे तिच्या मनात काही केल्या जुळेना.

"दोघांच्या सह्या एकाच वेळी लागतात, मॅडम," विपुलनं कागद मांडीवर जुळवले. "लोन दोघांच्या नावावर आहे ना. आणि आज झालं पाहिजे. आज नाही झालं तर फाइल माझ्याकडून वर जाते. मग आमच्या हातात काही राहात नाही." "वर म्हणजे?" "वर म्हणजे... मग दाराला कागद चिकटतो. पेपरात नावं येतात. पोलीस घेऊन ताबा घेतात. तुम्ही स्वतःहून देताय, म्हणून हे सगळं टळतंय. देणं काही पूर्ण फिटत नाही यातनं, ते घर विकल्यावर हिशेब होईल. पण इज्जतीनं होतं." शेवटचा शब्द बोलल्यावर त्यालाच कसंतरी वाटलं असावं. तो उठला. "सर येईपर्यंत फोटो काढून घेऊ का?"

तो फोटो काढत फिरला आणि ती उन्नतीला कडेवर घेऊन त्याच्या मागं मागं, घर दाखवायला आलेल्या दलालासारखी. हा हॉल. हे बाथरूम. नळ जरा उचकी देतो. हिरव्या रेघेपाशी तो थांबला. "पुसत होते, पण—" "असू द्या. पोरांचं चालतंय." आणि त्याच वेळी तिच्या मनाच्या तळाशी एक गोष्ट स्वच्छ उभी राहिली, जी सकाळपासून ती स्वतःपासून लपवत होती. मितेश येऊ नये, असं तिला वाटत होतं. ट्रॅफिक असावा, गाडी पंक्चर व्हावी, गोदामात सुपरवायझरनं अडकवून ठेवावं. आजचा दिवस टळावा. पुढं दाराला कागद लागेल तर लागेल, रुचिका वाचेल तर वाचेल. आपल्या हातानं देण्यापेक्षा कोणी हिसकावून नेलेलं बरं. हिसकावून नेलं तर भांडता येतं, रडता येतं, शिव्या देता येतात, लोकसुद्धा हळहळतात. आपण होऊन दिलेल्याचं रडणार कसं? आणि घर हवं होतं तेही तिलाच. मितेश म्हणायचा, भाड्यानं राहू, काय बिघडलं. तीच म्हणाली होती की मला असं दार पाहिजे जे मी लावलं की लागतं. नारपोलीत दार लावलं तरी गल्ली आतच असायची.

"आजी, हे उचला हं," स्वयंपाकघरातून विपुलचा आवाज आला. वैशाली गेली तर ओट्याच्या कोपऱ्यात एक पितळी वाटी, आणि तीत शिगोशीग तांदूळ. गुणाबाईचं बोचकं सुटलेलं. नव्या तांदळाचा तो कच्चा, दुधाळ वास साऱ्या ओट्यावर पसरलेला.

"कशाला उचलू?" गुणाबाई म्हणाली.

"आत काही ठेवता येत नाही. फोटोत दिसायला नको."

"मंग फोटो काढ आधी. मंग ठेवते."

"तसं नाही आजी. कुलूप लागलं की आत काहीच नको. उंदीर होतात, वरून मला विचारतात. कागदावर लिहिलंय बघा, 'रिकामा ताबा'. रिकामा म्हणजे रिकामा."

"तुमच्यात रिकामा भांडा परत देतात?"

विपुल थबकला. "भांड्याचं वेगळं, आजी."

"काय वेगला? घर म्हंजे भांडाच. जरा मोठा. आमी त्यात जेवलो, निजलो, नात जल्मली. आन तुज्या हातात रिकामा देऊ? तुजी आय काय बोलंल आमाला?"

"माझी आई कशाला मध्ये?" तो हसला, पण हात डोक्यामागं गेला. वैशाली चौकटीत उभी होती आणि तिला आपली आई दिसत होती, वज्रेश्वरीच्या बाजूला, पडवीत, शेजारणीची वाटी परत पाठवायच्या आधी तीत काहीतरी टाकण्यासाठी डबे धुंडाळणारी. डाळ आणली असली तर गूळ जाई, गूळ आणला असला तर चार मिरच्या. काहीच नसलं तर परसातली कढीलिंबाची डहाळी. रिकामी वाटी गेली तर त्याचा अर्थ एकच: आता तुमच्याकडं येणं नाही, संबंध संपला. वाटी पोचवायचं काम वैशालीचं, आणि वाटेत निम्मा गूळ खाऊन टाकायचं कामही तिचंच. आई तोंडाच्या वासावरून ओळखायची, पण रागावत नसे. "उरला ना थोडा? मग झालं. रिकामी नाही ना गेली?" किती साधं होतं. या कंपनीशी मात्र संबंध संपलेलाच बरा, तिच्या मनात आलं. आणि मग वाटलं, म्हातारी कंपनीला देतच नाहीये. तिला कंपनी ठाऊक नाही. ती घरालाच परत करतेय काहीतरी, थंड भिंतीच्या त्या घराला, ज्याला तिनं पहिल्या दिवशी जनावरासारखं चाचपून पाहिलं होतं. इतकी वर्षं ते दूध देत राहिलं, असं तिच्या हिशेबी असेल.

"आई, राहू द्या," वैशाली म्हणाली. "त्यांची नोकरी आहे."

गुणाबाईनं सुनेकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. मग वाटी उचलली, दोन पावलं चालून गेली आणि त्याच्या काखेतलं हेल्मेट ओढून, उलटं करून, सगळा तांदूळ त्यात ओतला. "ने मंग तूच. घर न्हेनारा तूच ना? मोठ्या सायबाला दे, न्हायतर तुज्या आयला दे. नवा हाय. पेज चांगली होते."

"अहो आजी! अहो, मी आता डोक्यात काय घालू? मला इथनं कल्याणला जायचंय!"

"हलू चालव," गुणाबाई म्हणाली.

उन्नती खदखदून हसली. विपुल हेल्मेट दोन्ही हातांत धरून, सांडेल म्हणून न हलता, उभाच राहिला. ओतून टाकावं असं काही त्याच्या मनात आलेलं दिसलं नाही. तसाच तो जपून हॉलमध्ये गेला आणि खुर्चीवर बसला, तांदूळ मांडीवर घेऊन. घड्याळ बघितलं. "सरांना परत फोन लावता का?"

तिनं लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग गोदामात मितेशबरोबर काम करणाऱ्या लडकूला लावला, त्यानंच त्यांना नारपोलीची खोली बघून दिली होती. "वहिनी? अहो तो तर सकाळीच सुटला. मी आणि तो एकत्रच गेटबाहेर पडलो. घरी नाही पोचला?" "ट्रॅफिक असेल," वैशाली म्हणाली आणि फोन ठेवला. गोदाम कुठं, घर कुठं. बैलगाडीनं निघाला असता तरी पोचला असता. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. उन्नतीला कडेवर घट्ट धरलं तशी पोर म्हणाली, "आई, लागतंय." कशेळीच्या पुलावर मितेश नेहमी गाडी हळू करायचा. मागं बसलेल्या तिला कळायचं, खाडी आली. "काय बघता?" "काही नाही. भरती आहे की ओहोटी." एवढंच. इतकी वर्षं त्यात एवढंच होतं. आता ते पाणी तिच्या डोळ्यांपुढं आलं, काळपट, सावकाश सरकणारं, आणि कठड्याला लावलेली गाडी. आणि गाडीवर कोणी नव्हतं. हा विचार तिनं केला नव्हता. तो आला आणि आत येऊन बसला. परवा रंगाचे ब्रश धुताना तो म्हणाला होता, "झालं. आता माझं काही काम राहिलं नाही इथं." हे तो भिंतीबद्दल बोलत होता ना? ती मघाशी काय मागत होती? तो येऊ नये. हेच मागत होती, तोंडानं नाही पण मनानं, आणि मनाचं तरी कोणी ऐकत असेलच की. ते मागं घ्यायचं म्हणजे कुणाकडं घ्यायचं तिला कळेना. घ्या, ती मनातल्या मनात म्हणाली, हे घ्या, भिंती घ्या, लादी घ्या, ऊन घ्या, रुचिकासमोर घ्या, सगळ्या बिल्डिंगसमोर घ्या. सही मागाल तिथं करते, अंगठा पाहिजे तर अंगठा देते. आणि असं म्हणताना तिला दिसलं की घर खरंच सुटलंय. कागदावर नाही, इथं, बरगडीच्या आत कुठंतरी ती जी मूठ आवळून होती ती उघडली होती. आणि उघडल्या मुठीत भीतीखेरीज काही नव्हतं.

बेल वाजली.

"आले वाटतं," विपुल म्हणाला.

"हे बेल वाजवत नाहीत," वैशाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. मितेशकडे किल्ली असते. किल्ली फिरते, दार भिंतीवर आपटतं, बूट उडतात आणि त्याच्याआधी 'उन्नतीऽ' अशी हाक आत येते. बेल वाजवतो तो परका माणूस. अशा वेळी बेल वाजवणारा माणूस काहीतरी सांगायला आलेला असतो. हॉलमधून दारापर्यंत ती कशी गेली ते तिला कळलं नाही. तिनं लॅच फिरवलं. गुणाबाईही उठून मागं येऊन उभी राहिली होती, खोकल्याशिवाय, श्वाससुद्धा न घेता.

दारात मितेश होता. गोदामाचा निळा शर्ट, गळ्यात गेटपास, डोळे लाल. बूट काढून त्यानं भिंतीकडेला नीट लावून ठेवले होते आणि पाहुणा उभा राहतो तसा पायपुसण्याच्या अलीकडे एक पाऊल मागं उभा होता. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच हातानं त्याच्या तोंडावरून हात फिरवावासा वाटला. यातलं तिनं काहीच केलं नाही.

"कुठं होता?"

"खाली." तो थांबला. "मागच्या अंगाला, गाडीवर बसून होतो. सुटलो तसा आलो होतो. जिना चढवेना."

"आणि फोन?"

"फोन उचलला असता तर वर यावं लागलं असतं."

"किल्ली होती ना जवळ?"

"होती." खिशावर हात ठेवून तो म्हणाला, "लावावीशी वाटली नाही. येऊ का आत?"

ती काही बोलायच्या आत पाठीमागून विपुल म्हणाला, "या ना सर, या, या, बसा," तोंडात बसलेलं ते बोलणं. आणि बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली. तांदळामुळं त्याला उठताही येईना. मितेश आत आला. खुर्ची एकच होती. तो चटईच्या काठावर बसला, भिंतीला न टेकता. उन्नती त्याच्या मांडीत जाऊन बसली आणि "आजीनं काकांच्या टोपीत भात घातला," असं सांगायला लागली. वैशालीनं कळशीतून पाणी आणलं. तो घटाघट प्यायला. हनुवटीवरून थेंब शर्टावर गेले. इतका वेळ खाली उन्हात, आणि पाणीसुद्धा नाही. तिनं पेला परत घेतला आणि त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, बसली.

विपुलनं कागद पुढं केले, कुठं कुठं ते बोटानं दाखवलं. मितेशनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. तसंच राहिलं. रंग देताना ब्रश धरून हाच हात तासन्‌तास थांबला नव्हता. गुणाबाईनं तोंड फिरवलं.

"पहिली यांचीच लागते का?" वैशालीनं विचारलं.

"सर मेन अर्जदार आहेत, मॅडम, म्हणजे तसं—" विपुलनं दोघांकडे पाहिलं. "जागा वेगवेगळ्या आहेत. आधी कोण, हे कुठं लिहिलेलं नाही."

"मग मी करते."

तिनं मितेशच्या बोटांतून पेन काढून घेतलं. घर घेताना प्रत्येक कागदावर तिची सही दुसरी होती. त्याची झाली की त्याच ओळीखाली, त्याच्या अक्षराकडे बघत. आता वरची जागा कोरी होती. सहीच्या आधी पूर्ण नाव लिहायचं होतं. तिनं आपलं लिहिलं. मग मधलं नाव आलं, त्याचं, आपल्या नावाला लागून. ते तिनं सावकाश लिहिलं, वेलांटी पुरी वळवून, मात्रा जागच्या जागी, शाळेत अक्षर घटवताना लिहितात तसं, आणि लिहिताना तिला त्याचा श्वास आपल्या खांद्यावर लागत होता. आडनाव घातलं, खाली सही केली. आणि पेन त्याच्यापुढं धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं नाव मी लिहिलंय. आता थोडंच राहिलंय."